पांढरा वारकरी, लाल डोळे आणि ‘अल्बिनो’चा घोळ

परवा आमच्या खटाव-मायणीकडच्या एका ग्रुपवर फोटो आला. तळ्यात काळ्या वारकऱ्यांचा घोळका आणि मधे एक जवळजवळ अख्खा पांढरा, पाठीवर तेवढी चार काळी पिसं. वारकरी म्हणजे चांदवा हो, बदकासारखा पोहणारा पण पाणकोंबडीच्या भावकीतला, कपाळावर पांढरं गंध असलेला. ह्याचं गंध अंगभर उतरलेलं! खाली लगेच दोन मेसेज. एक, “लाल डोळे बघा, अल्बिनो आहे,” म्हणजे अंगात रंगच न बनणारा. दुसरा, “दर्शन शुभ असतं, दहा जणांना पाठवा.” दुसऱ्याचं सोडा, दहा जणांना पाठवून माण-खटावात कुणाच्या विहिरीला पाणी लागल्याचं मी तरी ऐकलं नाही.

पण पहिल्यावर बोलायलाच पाहिजे, कारण मोठ्या वारकऱ्याचे डोळे लालच असतात, काळ्याकुट्टाचेसुद्धा! बघायची ती मधली बाहुली. अल्बिनोची बाहुली गुलाबी दिसते, डोळ्याच्या मागच्या पडद्यात रंगच नसतो म्हणून आतलं रक्त दिसतं. फोटो झूम केला तर बाहुली काळीच.

आता मला आवडणारा भाग. काळा-तपकिरी रंग म्हणजे मेलॅनिन, ते बनवणाऱ्या पेशी कातडीत जन्मत नाहीत. अंड्यातल्या पिल्लाच्या पाठीशी, जिथं पुढं मज्जारज्जू होतो तिथल्या कडेला त्या तयार होतात आणि तिथून चालत चालत अंगभर पसरतात, अक्षरशः वारीच. काही जनुकं बिघडली की दिंडी वाटेतच थांबते, आणि पेशी पोचल्या नाहीत तिथली पिसं पांढरी. म्हणून पाठ, जी सुरुवातीलाच लागते, तिथं काळं राहू शकतं आणि पोट, पंखांची टोकं कोरी. काळ्या कुत्र्याचे पंजे पांढरे असतात त्याचंही कारण साधारण हेच. ह्याला ल्युसिझम म्हणतात. आणि डोळ्याच्या पडद्यातल्या रंगपेशी ह्या वारीत नसतातच, तो पडदा मेंदूच्या फुगवट्यातून जागेवरच तयार होतो, म्हणून बाहुली काळी राहते. अल्बिनोत उलटं, पेशी सगळीकडं वेळेवर पोचतात पण मेलॅनिन बनवायला लागणारं टायरोसिनेज नावाचं एन्झाइम कामाचं नसतं, म्हणजे आचारी हजर पण चूल पेटत नाही, मग पिसं काय आणि डोळा काय, सगळंच कोरं. अशा पक्ष्यांची नजर अधू असते, मोठे होईपर्यंत फारसे टिकत नाहीत.

मेलॅनिन नुसतं दिसण्यापुरतंही नाही, त्यानं पीस टणक होतं. पांढरी पिसं लवकर झिजतात.

अजून एक भानगड आहे, वयाबरोबर पिकत जाणारे पक्षीही असतात, दर पिसं गळतीला पांढरं वाढतच जातं. ल्युसिझममधलं पांढरं मात्र जन्मभर तेवढंच. म्हणून फोटोवाल्याला म्हटलं, पुढच्या हिवाळ्यात हाच दिसला तर पाठीचा फोटो काढा. त्यांचं उत्तर आलं, “दहा जणांना पाठवलं का?”