हप्ता नाही म्हणजे व्याज नाही असं नसतं: राज्यशास्त्रासाठी कर्ज काढताना मोरेटोरियम आणि व्याज सबसिडी

माझ्या पुतणीला पुण्यात एका खासगी युनिव्हर्सिटीत बीए राज्यशास्त्र करायचंय, तीन वर्षांचे मिळून 6 लाख. मागच्या रविवारी नागपुरात नंदनवनला दादाकडे सगळे बसलो होतो, कर्जाचा विषय निघाला तर दादा म्हणे, "टेन्शन काऊन घेऊन राहिली तू? चार वर्षं काही भरायचं नाही, मोरेटोरियम आहे नं, व्याज सरकार भरते."

दादाच्या या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात आणि मला माहितीये कारण मी पण हेच समजत होते. माझ्या कर्जावर सही करताना मला बँकेत कोणी फोड करून सांगितलं नाही. पहिल्या हप्त्याच्या महिन्यात पासबुक प्रिंट करून आणलं तर घेतल्यापेक्षा आकडा कितीतरी मोठा, मी भांडायला गेले, तर हिशोब बरोबर होता, समजलं नव्हतं ते मला.

मोरेटोरियम म्हणजे हप्ता भरायला मिळालेली सवड, बस. शैक्षणिक कर्जात ती साधारण कोर्सचा काळ अधिक एक वर्ष असते. या काळात बँक हप्ता मागत नाही पण व्याज लावतेच, पैसे ज्या दिवशी कॉलेजला गेले त्या दिवसापासून. ते सरळव्याज असतं हे खरं, पण सवड संपली की साचलेलं सगळं व्याज मुद्दलात जातं आणि त्या मोठ्या रकमेवर हप्ता बसतो.

सबसिडी म्हणजे तेच व्याज तुमच्याऐवजी सरकारनं भरणं. ती प्रत्येकाला नाही. केंद्राची 2009 पासूनची जी योजना आहे, त्यात घरचं वार्षिक उत्पन्न 4.5 लाखांच्या आत हवं आणि कोर्स तांत्रिक किंवा व्यावसायिक हवा. साधं बीए राज्यशास्त्र त्यात बसत नाही, उत्पन्न कितीही कमी असलं तरी. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मीत 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याज सवलत आहे, पण तुमची संस्था सरकारनं निवडलेल्या यादीत पाहिजे, वर्षाला 1 लाख विद्यार्थ्यांचीच मर्यादा आहे आणि त्यातही सरकारी संस्था अन् तांत्रिक-व्यावसायिक कोर्सला प्राधान्य. आणि 3 टक्के म्हणजे 3 टक्केच, उरलेलं व्याज तुमच्याच नावावर चढतं.

दादासमोर मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. दर 10 टक्के धरला, दरवर्षी 2 लाख उचलले. पहिल्या 2 लाखांवर चार वर्षांचं व्याज 80 हजार, दुसऱ्यावर तीन वर्षांचं 60, तिसऱ्यावर दोन वर्षांचं 40. म्हणजे एक रुपया न भरता 6 लाखांचे 7 लाख 80 हजार झाले. दहा वर्षांची फेड धरली तर हप्ता साधारण 10,300, आणि व्याज साचलंच नसतं तर साधारण 7,900. महिन्याला 2,400 चा फरक, 120 महिने. दादा बराच वेळ त्या पानाकडे बघत होता.

आता कमाईचं बघा, कारण आपल्या विषयाचा खरा त्रास तिथे आहे. इंजिनिअरचा कोर्स संपतो तेव्हा निदान नोकरीचं वय तरी सुरू होतं, राज्यशास्त्रात बीएनंतर दोन वर्षं एमए, मग प्राध्यापक व्हायला लागणारी नेट किंवा सेट परीक्षा, नाहीतर धंतोली-सीताबर्डीच्या अभ्यासिकेत एमपीएससी. सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं बेसिक 57,700, उपजिल्हाधिकाऱ्याचं 56,100, छानच आहे, पण ते पद मिळेपर्यंत कितीतरी जण तासिका तत्त्वावर शिकवून किंवा कुठल्यातरी संस्थेत रिपोर्ट लिहून दिवस काढतात. आणि बीएच्या कर्जाची सवड चौथ्या वर्षी संपते, म्हणजे पोरगी एमएच्या वर्गात बसलेली असताना पहिला हप्ता येतो. मुदत वाढवून मिळाली तरी व्याज थांबत नाही, फक्त अजून साचतं.

म्हणून पगार बघताना वर गेलेल्यांचा बघू नका, चौथ्या वर्षाच्या शेवटी हातात काय येईल ते बघा. समजा 20 हजार आले तर 10,300 म्हणजे अर्ध्याहून जास्त. इथेच मॉरिस किंवा हिस्लॉपला बीए केलं तर एवढं कर्ज काढायचंच काम नाही, आणि यूपीएससीला राज्यशास्त्र ऑप्शनल घेतलं तर 500 मार्कांचे पेपर दोन्हीकडच्या पोरांना तेच असतात. पुण्याला चांगले शिक्षक, चांगली लायब्ररी मिळते हे मी नाकारत नाही, मला स्वतःला जायचं होतं.

पुतणी जायचंच म्हणते आणि मला तिचा हट्ट आवडतो. मग निदान शिकताना फक्त व्याज भरत जायचं, पहिल्या वर्षी महिन्याला 1,700 च्या आसपास, दुसऱ्या वर्षी 3,300, पुढे 5,000, म्हणजे मुद्दल 6 लाखच राहतं. असं भरणाऱ्यांना काही बँका दरात 1 टक्का सूट देतात, ते मंजुरीपत्रात लिहून घ्यायचं. पहिल्या वर्षीचे 1,700 मी भरते म्हटलं. दादा आता सोमवारी बँकेत ते पत्र घेऊन जाणार आहे, सोबत मी पण.