डोकेदुखी हा शाळा बुडवायचा बहाणा नव्हे

"एवढ्याशा पोराचं कसलं आलंय डोकं दुखणं! शाळेला दांडी मारायचं निमित्त आहे." हे वाक्य घराघरांत ऐकू येतं, आणि ते चुकीचं आहे. लहान मुलांनाही मायग्रेन होतो. स्वीडनमधल्या उप्साला शहरात बालरोगतज्ज्ञ बो बिले यांनी सुमारे 9,000 शाळकरी मुलांची पाहणी केली आणि ती 1962 मध्ये प्रसिद्ध झाली. सातव्या वर्षाच्या मुलांतही मायग्रेन आढळला होता आणि पंधराव्या वर्षापर्यंत त्याचं प्रमाण बरंच वाढलेलं होतं.

संशय येतो, कारण मुलांचा मायग्रेन मोठ्यांसारखा दिसत नाही. दुखणं बहुधा अर्धशिशीसारखं एका बाजूला नसतं, सगळं कपाळ ठणकतं. कधी दोन तासांतच ओसरतं. अकरा वाजता पांढराफटक पडलेला, उलटी करून अंधाऱ्या खोलीत पडलेला मुलगा झोप झाल्यावर एक वाजता खेळायला पळतो. लगेच "बघा, नाटक होतं!" असं म्हणतात. खरं तर झोपेने उतार पडणं ही याच आजाराची खूण आहे.

चष्म्याने दर वेळी हे थांबेल असंही नाही. वेळेवर जेवण, भरपूर पाणी आणि पुरेशी झोप याने फरक पडतो. महिन्यातून 15 किंवा जास्त दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर त्यांनीच डोकेदुखी वाढते. पहाटे दुखण्याने जाग येणं, तोल जाणं, दृष्टी अंधुक होणं किंवा तापात मान आखडणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच डॉक्टर गाठा.