बॅटरी बसली की करंट अडला?

जुनी मारुती 800. चावी फिरवली, डॅशचे दिवे लागले, सेल्फने (इंजिनला पहिला फेरा देणाऱ्या मोटरने) एकदा ‘टक्’ केलं आणि सगळं मंदावलं. लगेच निकाल लागतो: बॅटरी गेली. नवी बॅटरी बसते, गाडी सुरू होते आणि निदान बरोबर ठरल्यासारखं वाटतं. पण बॅटरी बदलताना टर्मिनल घासली गेली, नट नव्याने आवळले गेले. गाडी कित्येकदा त्यानेच सुरू झालेली असते आणि चांगली बॅटरी भंगारात जाते.

उतरलेली बॅटरी सगळ्यांना माहीत आहे. रात्रभर दिवा चालू राहिला, गाडी महिनाभर उभी राहिली, चावी फिरवली की भराभर टकटकटक. पूर्ण चार्ज असेल तर तासभर उभ्या गाडीत बॅटरीला लावलेला व्होल्टमीटर 12.6 व्होल्ट दाखवतो, 12.2 म्हणजे निम्मी. एवढं पुरे.

घोळ दुसऱ्या दुखण्यात आहे. टर्मिनलवर साचलेला पांढरा-निळसर क्षार किंवा गंजलेली अर्थिंगची पट्टी (इंजिन-बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परत नेणारी) करंट पूर्ण तोडत नाही, फक्त अडवते. समजा, त्या सांध्यात 0.05 ओहम रोध आहे. हेडलाइट साधारण 10 अँपिअर घेतात, तिथे अर्धा व्होल्ट पडतो, म्हणजे वाटेतच वाया जातो, आणि उजेडात फरक जाणवत नाही. सेल्फला 100 अँपिअर लागले तर त्याच सांध्यात 5 व्होल्ट पडायला हवेत, मग सेल्फ उचलणार कसा? म्हणून ‘लाइट लख्ख आहे, हॉर्न वाजतो, म्हणजे वायरिंग ठीक’ हे अनुमान चूक. इंजिन रबरी माउंटिंगवर असतं. त्याची अर्थ पट्टी गेली की करंट परतीची वाट क्लच किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून शोधतो. स्टार्ट मारताना ती केबल तापली, तर दोष अर्थ पट्टीतच आहे.

जम्प देऊन, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला केबलने जोडून, गाडी सुरू झाली, हाही बॅटरी मेल्याचा पुरावा नव्हे. काळा चिमटा रीतीप्रमाणे इंजिनच्या लोखंडाला लावला की खराब अर्थिंगला आपसूक वळसा मिळतो.

खरं उत्तर मिळतं ते चावी ‘स्टार्ट’वर धरलेली असतानाच. करंट वाहत नसेल तर खराब सांध्यावरही मीटर शून्यच दाखवणार. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर. कार्बोरेटरच्या गाडीत इग्निशन कॉइलची पॉझिटिव्हची बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे इंजिन पेट घेणार नाही. एकाने चावी धरायची, तीही चार-पाच सेकंदच. मीटरची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा, तिच्यावर बसणाऱ्या वायरीच्या क्लॅम्पवर नको. क्लॅम्पवर टेकवलीत तर खुंटी आणि क्लॅम्प यांच्यामधला नेमका दोष निसटतो.

दोन्ही खुंट्यांमध्ये व्होल्टेज 9.6 च्या खाली कोसळलं तर संशय बॅटरीवर. 12 च्या आसपास टिकलं आणि सेल्फ फिरला नाही, तर निगेटिव्ह खुंटी ते इंजिन ब्लॉक मोजा: 0.3 व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. मग पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फचा जाड वायरीचा बोल्ट: 0.5 च्या वर नको. दोन्हीकडे शून्यच आलं आणि ‘टक्’ही नसेल, तर सोलेनॉइडला (सेल्फवरच्या चुंबकी स्विचला) चावीकडून येणारी बारीक वायर तपासा.

टर्मिनलवर गरम पाणी ओतून मोकळं होऊ नका, क्षार वरचा जातो, आतला राहतो. ढिल्या क्लॅम्पखाली पत्र्याचा तुकडा कोंबणं आणि क्लॅम्प पान्ह्याने ठोकून बसवणं तर बंदच करा, खुंटी आतून निखळते. निगेटिव्ह आधी काढा, खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करा, निगेटिव्ह शेवटी लावा. व्हॅसलीन आवळून झाल्यावर, बाहेरून.

पूर्ण चार्ज केलेली बॅटरीही सेल्फ मारताना 9.6 च्या खाली जात असेल तर दुसरी चांगली बॅटरी लावून बघा. तीही तशीच कोसळली, तर दोष सेल्फमध्ये किंवा जाम झालेल्या इंजिनात आहे.