सीडी रायटर आणि त्याचा वेग

कोऱ्या सीडी-आरवर किंवा पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या सीडी-आरडब्ल्यूवर लेसरने माहिती उतरवणारा ड्राइव्ह म्हणजे सीडी रायटर. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तो मुंबईतल्या घरगुती असेंबल्ड संगणकांत बसू लागला. ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हे त्याच्या खरेदीचे हक्काचे ठिकाण होते. काउंटरवर पहिला प्रश्न असे, ‘किती एक्सचा?’ प्रत नीट निघणे मात्र या आकड्यापेक्षा कोरी डिस्क, केबलची जोडणी आणि मूळ डिस्कचे वाचन यांवर जास्त अवलंबून असते.

वेगाचे गणित : १ एक्स म्हणजे सेकंदाला १५० किलोबाइट. ७०० एमबीची, ८० मिनिटांची डिस्क या वेगाने भरायला ८० मिनिटे लागतात. ४ एक्सला २०, ८ एक्सला १०, १६ एक्सला ५. ४ वरून ८ वर गेले की डिस्कमागे दहा मिनिटे वाचतात, ८ वरून १६ वर गेले की पाच. त्यापुढे फायदा आटत जातो. ५२ एक्सचा रायटर सगळी डिस्क ५२ एक्सने लिहीतच नाही. तो डिस्क एकाच गतीने गरगर फिरवतो. लिखाण आतल्या कडेपासून सुरू होते आणि तिथे वेग २२ एक्सच्या आसपास असतो. ५२ एक्स गाठला जातो तो थेट बाहेरच्या कडेला. पूर्ण भरलेली डिस्क साधारण अडीच मिनिटांत बाहेर येते, ४० एक्सवर तीनच्या आसपास. सुरुवातीची लेसरची चाचणी आणि शेवटी डिस्क बंद करणे यांत जाणारी वीस-तीस सेकंदे दोन्हीकडे जवळपास सारखीच. म्हणून ४ एक्सचा रायटर काढून १६ किंवा २४ एक्सचा बसवणे शहाणपणाचे. ४० चा असताना ५२ साठी पैसे मोजणे हा घरगुती वापरात निव्वळ खर्च. लग्नाच्या सीडी गठ्ठ्याने काढणाऱ्या स्टुडिओचा हिशेब वेगळा.

ड्राइव्हवर ५२-३२-५२ असे तीन आकडे असतात : लेखन, पुनर्लेखन आणि वाचन, या क्रमाने.

प्रवाह तुटणे : लेसर एकदा लिहू लागला की त्याला माहिती अखंड मिळावी लागते. हार्ड डिस्क अडखळली तर ड्राइव्हमधला बफर, म्हणजे माहितीचा छोटा तात्पुरता साठा, तेवढा वेळ निभावून नेतो. २ एमबीचा बफर ४ एक्सला सुमारे साडेतीन सेकंद पुरतो, १६ एक्सला एक सेकंदही नाही. बफर रिकामा झाला की जुन्या रायटरमध्ये डिस्क बाद. २००० साली सॅन्योचे बर्न-प्रूफ तंत्र असलेले रायटर आले. ते लिखाण थांबवून जागा लक्षात ठेवतात आणि बफर भरल्यावर तिथूनच पुढे लिहितात. जुना रायटर घेताना वेगाआधी ही सोय आहे का ते पाहावे. नसेल तर स्क्रीनसेव्हर आणि अँटिव्हायरस बंद करावेत आणि ४ एक्सवरच लिहावे.

जोडणी : जुन्या संगणकांत ड्राइव्ह मदरबोर्डला आयडीई नावाच्या रुंद, चपट्या केबलने जोडतात. तिच्यावर दोन ड्राइव्ह बसतात : एक मास्टर, दुसरा स्लेव्ह. हार्ड डिस्क प्रायमरी (पहिल्या) आयडीई केबलवर मास्टर आणि रायटर सेकंडरीवर (दुसऱ्या) मास्टर, ही सर्वांत निर्धोक मांडणी. ड्राइव्हच्या मागे, चार पिनांच्या वीजजोडणीपासून दूरच्या टोकाकडे, सीएस (केबल सिलेक्ट), एसएल (स्लेव्ह), एमए (मास्टर) अशी अक्षरे कोरलेली असतात. छोटा काळा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी टोपी, त्यांतल्या योग्य जोडीवर बसवायचा. एका केबलवर दोन मास्टर झाले तर बहुधा एक ड्राइव्ह दिसेनासा होतो. एका आयडीई केबलवर एका वेळी एकच ड्राइव्ह बोलू शकतो. त्यामुळे सीडी-रॉम आणि रायटर एकाच केबलवर असतील तर थेट डिस्कवरून डिस्कवर प्रत काढू नये. आधी हार्ड डिस्कवर इमेज, म्हणजे सगळ्या डिस्कची एकच फाइल, बनवावी आणि मग लिहावी. त्यासाठी निदान ८०० एमबी मोकळी जागा हवी.

नवा रायटर बसवूनही वेग मिळत नाही आणि लिहिताना माउस अडखळतो, ही नेहमीची तक्रार. बहुतेक वेळा विंडोजने केबलवरच्या चुका मोजून तो चॅनेल डीएमए या जलद पद्धतीवरून पीआयओ या प्रोसेसरला गुंतवणाऱ्या संथ पद्धतीवर उतरवलेला असतो. केबल बदलावी, डिव्हाइस मॅनेजरमधून सेकंडरी चॅनेल अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू करावा.

गाणी आणि व्हिडिओ : डेटा सीडीवर प्रत्येक सेक्टरच्या, म्हणजे माहितीच्या एका तुकड्याच्या, २३५२ बाइटांपैकी २०४८ माहितीसाठी असतात; उरलेल्यांतला मोठा भाग चुका दुरुस्त करण्याच्या कामी येतो. गाण्यांच्या सीडीत सगळे २३५२ आवाजालाच जातात. म्हणून ओरखडलेल्या डिस्कवरून घाईने गाणी उचलली तर ‘टिक’ असा आवाजही इमानदारीने प्रतीत उतरतो. मूळ डिस्क सावकाश वाचावी. अखंड कीर्तन किंवा मैफल ‘डिस्क ॲट वन्स’ने, म्हणजे सगळी डिस्क एका दमात, लिहावी; एकेक ट्रॅक सुटा लिहिणाऱ्या ‘ट्रॅक ॲट वन्स’मध्ये दोन ट्रॅकांमध्ये दोन सेकंदांची शांतता घुसते. व्हीसीडीत (व्हिडिओ सीडीत) दुरुस्तीची जागा बरीचशी चित्राला दिलेली असल्याने ७०० एमबीच्या डिस्कवर ८०० एमबीच्या आसपास व्हिडिओ मावतो. तीन तासांच्या लग्नाला तीन डिस्क लागतात.

फायलींची नावे देवनागरीत असतील तर जोलिएट ही सीडीवर लांब, इंग्रजीखेरीज लिप्यांतलीही नावे ठेवणारी पद्धत निवडावी. तिची मर्यादा ६४ अक्षरांची आहे. काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जात असल्याने मराठी नाव वाटते त्याच्या बरेच आधी कापले जाते.

कोऱ्या डिस्क : पन्नास-शंभर डिस्कच्या स्पिंडलवर (दांड्यावर रचलेल्या गठ्ठ्यावर) लिहिलेला वेग ही वरची मर्यादा असते. शंका असेल तर १६ किंवा २४ एक्सवर लिहावे आणि ‘व्हेरिफाय’, म्हणजे लिहिलेले मुळाशी ताडून पाहणे, कधीही वगळू नये. वेगाने बिघडलेले लिखाण सहसा आधी बाहेरच्या कडेला जाणवते : गाडीतल्या प्लेयरमध्ये पहिली गाणी नीट वाजतात, शेवटची उड्या मारतात. ५२ एक्सला डिस्क मिनिटाला दहा हजारांहून जास्त फेरे घेते. मध्याजवळ तडा गेलेली डिस्क या गतीला आत फुटू शकते. कागदी लेबलही चिकटवू नये, तोल जातो.

डिस्कची नाजूक बाजू वरची. खाली १.२ मिलिमीटर पॉलिकार्बोनेट असते, पण लेबलाखाली लाखेचा फक्त पातळ थर आणि लगेच परावर्तक धातू. तिथे बॉलपेनने लिहिले की माहितीच खरवडली जाते. पाण्यावर आधारित शाईचा मार्कर वापरावा. मुंबईच्या पावसाळी दमटपणात प्लास्टिकच्या पाकिटांत कोंबलेल्या डिस्कना ती पाकिटे चिकटतात आणि बुरशीचे डाग पडतात. कडक डबीत, उभ्या, सिलिका जेलच्या पुडीसह आणि उन्हापासून दूर ठेवाव्यात. पुसताना मऊ कापड मध्यापासून कडेकडे सरळ न्यावे, गोल फिरवू नये.

कायदा : भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ नुसार रीतसर घेतलेल्या सॉफ्टवेअरची, मूळ डिस्क हरवण्याच्या किंवा खराब होण्याच्या भीतीपोटी, राखीव प्रत काढता येते. ती विकणे किंवा वाटणे त्यात बसत नाही.