इन्सुलेशनच्या कामावरचा हेल्पर आणि अप्रेंटिस

तळोजा, पाताळगंगा किंवा लोट्याच्या केमिकल प्लांटमध्ये लॅगिंगची, म्हणजे पाइपवर इन्सुलेशन चढवणारी, गँग काम करत असेल, तर त्यातला हेल्पर कोण आणि अप्रेंटिस कोण, हे बघून सांगता येत नाही. अवजारं तीच, हातांना रॉकवूलची (दगडापासून केलेल्या लोकरीसारख्या इन्सुलेशनची) खाज तीच. फरक कागदावर असतो, आणि पोरांनी तो कामाला लागण्याआधी समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

हेल्पर हा कंत्राटदाराचा कामगार. त्याला हजेरी, किमान वेतन, नियमात बसत असेल तर पीएफ आणि ईएसआय. अप्रेंटिस मात्र १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार कामगारच नव्हे, शिकणारा. त्याला पगार नाही, स्टायपेंड मिळतो. २०१९ च्या नियमांत तो शिक्षणाप्रमाणे महिना किमान ५,००० ते ९,००० रुपये ठरवला गेला. पीएफ-ईएसआय लागू नाही. त्यामुळे सुरुवातीला हेल्परच्या हातात जास्त पैसे पडतात आणि घरचेही तिकडेच ढकलतात.

पण त्याच कायद्यात एक कलम आहे, ते या धंद्यात फार मोलाचं: अप्रेंटिसला नगावर किंवा मापावर पैसे देता येत नाहीत. इन्सुलेशनचं बिल चौरस मीटरवर निघतं, म्हणून गँगला घाई असते. हेल्पर मॅट्रेस (रॉकवूलची गादी) वर चढवतो, तार आवळतो, वरून बसवायचा पत्रा धरतो. पत्र्यावर आखणी करायला त्याला कोण बसवणार? अप्रेंटिसचे पैसे मापावर नसतात, म्हणून त्याला शिकायला वेळ देता येतो.

आणि खरी कारागिरी त्या आखणीतच आहे. ४ इंची पाइपचा बाहेरचा व्यास ११४.३ मिमी. त्यावर ५० मिमी रॉकवूल चढलं की व्यास २१४.३ आणि घेर साधारण ६७३ मिमी. त्यात लॅपसाठी, म्हणजे पत्र्याची एक कड दुसरीवर चढते त्यासाठी, जागा धरून पत्रा कापायचा. आडव्या पाइपवर लॅपचं तोंड खाली ठेवायचं; वर राहिलं तर पाणी आत शिरतं आणि क्लॅडिंगखाली (त्या पत्र्याखाली) पाइप गंजत जातो, बाहेरून पत्ता लागत नाही. एल्बोचे, म्हणजे पाइपच्या वळणाचे, पत्र्याचे तुकडे काढणं त्याहून अवघड. थंड लाइनवर व्हेपर बॅरियरला (ओलावा अडवणाऱ्या थराला) एक भोक राहिलं तरी हवेतला ओलावा आत जाऊन बर्फ धरतो. हे कुणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं, आणि अप्रेंटिसला ते शिकवणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे.

कामावर इजा झाली तर भरपाईचा हक्क अप्रेंटिसलाही आहे. सरकारच्या अप्रेंटिसशिप सल्लागाराच्या मंजुरीशिवाय त्याला ओव्हरटाइमला लावता येत नाही. मुदत संपल्यावर नोकरी मिळेलच असं नाही. भरती करायची की नाही, हे मालकाच्या धोरणावर असतं.

काही ठिकाणी अप्रेंटिस म्हणून घेतात आणि वर्षभर सामान वाहायला लावतात. म्हणून रुजू होण्याआधी करारनामा मागा. तो सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदलेला आहे का, ट्रेड कोणता लिहिलाय, मुदत किती, शेवटी परीक्षा आणि सर्टिफिकेट आहे का, हे बघा. पत्र्याचं काम कोण शिकवणार, हे साइट सुपरवायझरला तोंडावर विचारा. करारच नसेल, तर तुम्ही हेल्पर आहात. मग किमान वेतन आणि पीएफ मागा.