टाळ्यांचे लँडिंग आणि ओली धावपट्टी

डिसेंबर उजाडला की गोव्याच्या आकाशात छोट्या, निमुळत्या जेट विमानांची ये-जा वाढते. कोणी लग्नासाठी येतो, कोणी कंपनीच्या बैठकीसाठी, तर कोणी केवळ सरते वर्ष साजरे करण्यासाठी. अशा विमानातून आलेल्या मंडळींच्या तोंडी एक वाक्य हमखास असते: ‘वैमानिक इतका तयारीचा होता की विमान टेकल्याचे कळलेसुद्धा नाही.’ लांब आणि कोरड्या धावपट्टीवर ही दाद रास्त आहे. परंतु मिरगाचा पाऊस सुरू झाल्यानंतर, पाण्याने निथळणाऱ्या धावपट्टीवर असे अलगद टेकणे हे कौशल्याचे लक्षण नसून धोक्याचे असते, आणि खासगी जेटच्या सुरक्षिततेचा विचार करताना माझ्या मते सुरुवात इथूनच करायला हवी.

दाबोळी आणि मोपा येथील धावपट्ट्या तीन किलोमीटरहून लांब आहेत, त्यामुळे इथे जागेची चणचण नाही. मात्र खासगी जेट घेण्यामागचा हेतूच मुळी मोठ्या विमानांना न परवडणाऱ्या आखूड धावपट्ट्यांवर उतरता यावे हा असतो, आणि तिथे प्रत्येक मीटरचा हिशोब लागतो. विमानाचा वेग १२० नॉट, म्हणजे सेकंदाला सुमारे ६२ मीटर, असेल तर अलगद टेकण्याच्या नादात हवेत तरंगत घालवलेला प्रत्येक सेकंद धावपट्टीचे जवळपास तेवढेच मीटर गिळतो. तीन अंशांच्या उतारावरून येणारे विमान धावपट्टीच्या सुरुवातीला ठरलेल्या ५० फुटांऐवजी ६० फुटांवर असेल, तर टेकण्याची जागा आणखी ५८ मीटर पुढे सरकते. वेग दहा टक्क्यांनी जास्त असेल तर ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा दहा नव्हे, एकवीस टक्क्यांनी वाढते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते.

आता पाण्याकडे वळू. चाक वेगाने पाण्यावर आले की पुढचे पाणी बाजूला सारण्यासाठी त्याला दाब द्यावा लागतो, आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार पाणीही चाकाला वर रेटते. पाण्याचा हा दाब वेगाच्या वर्गाबरोबर वाढतो. तो टायरमधील हवेच्या दाबाच्या जवळ पोहोचला की पाण्याची पाचर टायरखाली शिरते, रबर डांबरापासून सुटते आणि चाक अक्षरशः पाण्यावर तरंगू लागते. याला हायड्रोप्लेनिंग म्हणतात. नासाच्या संशोधकांनी १९६३ मध्ये यासाठी एक सुटसुटीत सूत्र दिले: टायरमधील हवेचा दाब पीएसआयमध्ये (प्रत्येक चौरस इंचावर किती पौंड) घ्या, त्याचे वर्गमूळ काढा आणि त्याला ९ ने गुणा, जे उत्तर येईल तितक्या नॉट वेगाला, पाण्याचा थर पुरेसा जाड असल्यास, चाक तरंगू लागेल. टायरमध्ये १०० पीएसआय दाब असेल तर हा वेग ९० नॉट, म्हणजे ताशी सुमारे १६७ किलोमीटर, येतो. हेच गणित ३० पीएसआय हवा भरलेल्या मोटारीला लावले तर ताशी सुमारे ९१ किलोमीटर हे उत्तर मिळते. पावसाळ्यात महामार्गावर साचलेल्या पाण्यातून भरधाव जाताना स्टीअरिंग अचानक हलके झाल्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

या सूत्रातील माझी सर्वात आवडती गोष्ट म्हणजे त्यात विमानाचे वजन कुठेच येत नाही. जड विमान पाणी दाबून खाली बसेल आणि हलके विमान घसरेल, असे आपल्याला सहज वाटते. प्रत्यक्षात वजन वाढले की टायर अधिक चपटा होतो आणि जमिनीला टेकलेला त्याचा भाग त्याच प्रमाणात मोठा होतो, त्यामुळे प्रत्येक चौरस इंचावरील दाब साधारण तेवढाच, म्हणजे आतील हवेच्या दाबाइतकाच, राहतो. पाण्याला सामना करावा लागतो तो या दाबाचा, एकूण वजनाचा नाही. ‘लहान जेट हलके, म्हणून ते घसरणारच’ हा समज त्यामुळे निदान हायड्रोप्लेनिंगपुरता तरी टिकत नाही.

गंमत पुढेच आहे. वरचे सूत्र आधीच फिरत असलेल्या चाकासाठी आहे. हवेतून येणारे चाक टेकण्याच्या क्षणी स्थिर असते, आणि अशा चाकासाठी ९ च्या जागी ७.७ हा आकडा घ्यावा लागतो. म्हणजे १०० पीएसआयच्या टायरला तरंगण्यासाठी केवळ ७७ नॉट पुरतात, आणि जेट टेकते त्याहून बऱ्याच अधिक वेगाने. विमान पिसासारखे अलगद टेकवले तर पाण्याचा थर फुटत नाही, चाक गरागरा फिरायला लागत नाही, आणि चाकाच्या फिरण्यावरून ब्रेकचा दाब ठरवणारी अँटी-स्किड यंत्रणा ब्रेक रोखून धरते. पंखांवरील स्पॉइलर, म्हणजे विमानाला वर उचलणारा जोर मोडून भार चाकांवर टाकणाऱ्या फळ्या, उघडण्यासाठीही बहुतेक यंत्रणांना चाकांवर भार आल्याची किंवा चाके फिरू लागल्याची खूण हवी असते. १४ सप्टेंबर १९९३ रोजी वॉर्सा येथे एका एअरबस ए३२० च्या बाबतीत नेमके हेच घडले: पाठीमागून वाहणारा वारा, वाढवलेला वेग आणि ओली धावपट्टी यांमुळे स्पॉइलर आणि इंजिनांचा उलटा जोर सुमारे नऊ सेकंद उशिरा मिळाला, विमान धावपट्टीबाहेर गेले आणि दोघांचा मृत्यू झाला. ते विमान मोठे होते, पण भौतिकशास्त्र आकार पाहत नाही. शिवाय फिनॉम ३०० सारख्या लोकप्रिय छोट्या जेटना इंजिनाचा उलटा जोर देण्याची सोयच नाही. तिथे सारी भिस्त चाकांच्या ब्रेकवर असते. म्हणून ओल्या धावपट्टीवर विमान ठरलेल्या जागी, थोडे ठामपणे टेकवावे, असेच वैमानिकांना शिकवले जाते.

धावपट्टीची बाजूही यात येते. पाणी निघून जावे म्हणून तिच्यावर आडव्या खाचा पाडतात. अमेरिकेतील प्रचलित मापानुसार त्या सुमारे ६ मिलिमीटर रुंद, तितक्याच खोल आणि एकमेकींपासून ३८ मिलिमीटर अंतरावर असतात. नोव्हेंबर २०२१ पासून आंतरराष्ट्रीय पातळीवर धावपट्टीची स्थिती ० ते ६ अशा आकड्यांत कळवली जाते: कोरडी असेल तर ६, नुसती ओली असेल तर ५, आणि ३ मिलिमीटरहून जास्त पाणी साचले असेल तर थेट २. हा २ वैमानिकाच्या कानावर पडला की दाद मिळवण्याचा विचार त्याने मनातून काढून टाकलेलाच बरा.

टायरमधील हवेचे महत्त्व एवढ्यावर संपत नाही. १९ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेतील कोलंबिया येथे एक लिअरजेट ६० उड्डाणासाठी धावत असताना तिचे टायर फुटले, उड्डाण सोडून देण्याचा प्रयत्न फसला आणि सहापैकी चौघे दगावले. तपासात आढळले की टायरमध्ये हवा फारच कमी होती आणि सुमारे तीन आठवडे ती कोणी मोजलीच नव्हती. कमी हवेचा टायर पाण्यावरही लवकर हरतो: दाब २०० वरून १२८ पीएसआयवर उतरला तर तरंगण्याचा वेग १२७ नॉटवरून १०२ वर येतो. आपल्याकडे नव्या वाहनाच्या चाकाखाली लिंबू चिरडण्याची आणि नारळ फोडून गाऱ्हाणे घालण्याची पद्धत आहे. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याचा, पण त्याच चाकाला रोज दाबमापक लावणाऱ्या तंत्रज्ञाइतके श्रेय लिंबाला देऊ नये. बटण दाबताच आपोआप उतरणाऱ्या विमानांच्या जाहिरातींनाही मी याच पंक्तीत बसवतो. सिरस व्हिजन जेटमध्ये २०२० पासून मिळणारी ही सोय खरोखर उत्तम आहे, परंतु ती वैमानिक बेशुद्ध पडला तर वापरायची आहे, शुद्धीवर असलेल्या वैमानिकाची घाई थोपवण्यासाठी नाही.

घाईचा मुद्दा खासगी जेटमध्ये अधिक बोचरा आहे, कारण विमानाचा मालक पाठीमागे चार हातांवर बसलेला असतो. अमेरिकेत प्रवासी कंपन्यांच्या जेटना गंतव्य धावपट्टीच्या साठ टक्के लांबीतच थांबता येईल असा हिशोब उड्डाणापूर्वी मांडावा लागतो आणि ओल्या धावपट्टीसाठी त्यात आणखी पंधरा टक्क्यांची भर घालावी लागते. म्हणजे ९०० मीटरमध्ये थांबणाऱ्या विमानाला कोरडी धावपट्टी १,५०० मीटरची आणि ओली १,७२५ मीटरची हवी. स्वतःचे विमान स्वतःसाठी वापरणाऱ्या मालकावर मात्र तिथे हे बंधन नाही, त्यामुळे ते वैमानिकाने स्वतःहून पाळायचे असते.

वैमानिक ते पाळतो की नाही, हे उड्डाणातील नोंदींवरून कळते. २०१४ मध्ये अमेरिकेतील बेडफर्ड येथे एक गल्फस्ट्रीम जी-४ नियंत्रणांचे कुलूप (उभ्या विमानाची नियंत्रणे वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेले) न काढताच उड्डाणासाठी धावले आणि सात जण मृत्युमुखी पडले. नोंदी तपासल्या तेव्हा त्या वैमानिकांनी आधीच्या १७५ पैकी ९८ टक्के उड्डाणांपूर्वी नियंत्रणांची पूर्ण तपासणी केलीच नव्हती, असे दिसले. तोवर त्या नोंदी कोणी उघडून पाहिल्या नव्हत्या. याच नोंदींतून विमान धावपट्टीवर किती पुढे टेकले, किती वेगाने टेकले आणि किती सेकंद तरंगत राहिले हेही वाचता येते. ज्या कंपन्या प्रत्येक उड्डाणानंतर ते वाचतात, तिथे अलगद टेकवण्यासाठी धावपट्टी वाया घालवणाऱ्या वैमानिकाला दुसऱ्या दिवशी त्याचे कारण विचारले जाते, आणि ‘साहेब मागे बसले होते’ हे उत्तर चालत नाही.