इराण्याच्या टेबलावरची रास्पबेरी आणि कराचा तिढा : पार्श्वभूमी

बेरी पुलावासोबत बाटलीतून येणारा लालभडक सोडा, म्हणजे रास्पबेरी, ही आज इराणी हॉटेलांची ओळख झाली असली तरी ती इराणहून आलेली नाही. इराणातल्या यझ्द, केरमानकडून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबई-पुण्यात येत गेलेल्या मंडळींच्या मुलखात दूघ हे दह्याचं ताकासारखं पेय, सेकंजबीन हे पुदिन्याचं आंबटगोड सरबत आणि दातांत साखरेचा खडा धरून प्यायचा कोरा चहा चालायचा. इथे चहात दूध पडलं आणि बाकीचं मागे राहिलं. फालुदा टिकला, पण शिराझच्या गुलाबपाण्याच्या बर्फाऐवजी दुधात.

रास्पबेरी आली ती मुंबईच्या पारशी सोडा कारखान्यांतून. त्यातला एक 1865 पासूनची परंपरा सांगतो, दुसरा 1889 चा. पुलावातली आंबट बेरी म्हणजे झरेश्क, तिचं आणि या बाटलीचं काही नातं नाही. तरीही पारशी लग्नाच्या पंगतीपासून इराण्याच्या संगमरवरी टेबलापर्यंत ती पोचली आणि घट्ट बसली. बूच उघडलं की फेसही गुलाबी येतो. स्ट्रॉ बाटलीत नुसती सोडली तर गॅसमुळे वर उचलली जाते, ती बोटाने दाबून धरावी लागते. रिकामी बाटली क्रेटमधून परत जाते, धुऊन पुन्हा भरली जाते. हा व्यवहार जवळपासच्या गिऱ्हाइकांवरच परवडतो, म्हणून हे पेय शहराबाहेर फारसं गेलं नाही.

1977 मध्ये अमेरिकी कोला देशाबाहेर गेला तेव्हा अशा स्थानिक पेयांना मोकळं रान मिळालं. ते पुढे टिकलं नाही. 1993 मध्ये तो कोला परतला, देशी थंड पेयांची मोठी नावं त्याने विकत घेतली, आणि 1994 मध्ये 1889 चा तो पारशी कारखाना दुसऱ्या अमेरिकी कंपनीकडे गेला. आंब्याच्या पेयापासून आइस्क्रीम सोड्यापर्यंत मुंबईकरांच्या तोंडी असलेली नावं परक्यांच्या हाती गेली. हे नुकसान मुंबईने फारच मुकाट्याने सोसलं.

पण आज लहान सोडावाल्यांना खरी झळ बसते आहे ती 20 सप्टेंबर 2019 च्या निर्णयाची. जीएसटीचे दर ठरवणारी परिषद त्या दिवशी पणजीत भरली होती. गोड किंवा स्वादयुक्त सोड्यावर 2017 पासूनच 28 टक्के कर आणि 12 टक्के उपकर होता. मात्र वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत असेल तर कारखानदाराला आपसमेळ योजना घेता यायची : उलाढालीवर 1 टक्का भरा, उपकर नाही, हिशेबाचा व्याप कमी. पणजीत सोडा बनवणाऱ्यांना या योजनेतून वगळलं गेलं आणि 1 ऑक्टोबरपासून ते लागू झालं. आइस्क्रीम, पानमसाला आणि तंबाखू यांच्या रांगेत सोडा जाऊन बसला.

हजार रुपयांच्या मालावर जिथे दहा रुपये भरायचे तिथे आता चारशे. साखर, गॅस, बुचांवर भरलेल्या कराची वजावट मिळते हे खरं, पण तेवढ्याने ही दरी बुजत नाही. साखरेची पेयं आरोग्याला घातक, शिवाय इतका मोठा दर असलेल्या मालाला 1 टक्क्याची वाट ठेवली की महसूल गळतो, असा सरकारी बाजूचा युक्तिवाद. तो साफ चुकीचा नाही. पण देशभर प्लॅस्टिकच्या बाटल्या पोचवणारी कंपनी आणि एका गाळ्यात काचेच्या बाटल्या धुणारा माणूस यांना एकाच मापाने मोजणं अन्यायाचंच आहे.

हॉटेलवाल्याचीही यात कोंडी होते. उपाहारगृहं गिऱ्हाइकाकडून 5 टक्के घेतात, पण त्यांना वजावट नाही. म्हणजे बाटलीवरचे 40 टक्के थेट खर्चात. मग रास्पबेरीचा भाव वाढवायचा, नाहीतर फ्रिजमध्ये कोला ठेवायचा. कोला कंपन्या फ्रिजही पुरवतात.

22 सप्टेंबर 2025 पासून उपकर गेला आणि थेट 40 टक्क्यांचा दर आला. बेरीज तीच राहिली. लहान कारखान्यांना आपसमेळ योजना परत द्यायची तर पणजीचाच निर्णय फिरवावा लागेल.